मारिकाबाईंच्या फळ्यावर आज काय

रोटोटुना, हॅमिल्टन
बुधवार, १ एप्रिल

चि. सौ. शकु,

तुला आणि चंद्रहासरावांना माझे मनापासून आशीर्वाद. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि तुझं पित्त काय म्हणतं? (जागरण आणि चिवडा, दोन्ही बंद कर. दोन्ही जमणार नसेल तर जागरण तरी बंद कर.) इकडे सगळे खुशाल. स्वरदाचं ऑफिस, मकरंदरावांची फॅक्टरी आणि इराची शाळा आपापल्या जागी आहेत, आणि मीही माझ्या जागी आहे. ती जागा कुठली, तेच सांगायला हे पत्र.

आता तू म्हणशील, ताईला आजच्या काळात पत्र कुठून सुचलं? अगं, फॅमिली ग्रुपवर लिहावं तर तुझे भावोजी वाचतात. तुला एकटीला मेसेज करावा तरी तेच वाचतात, कारण तू ‘हे काय आलंय बघा हो’ म्हणून मोबाइल त्यांच्याच हातात देतेस. शेजारच्या वसुंधराबाई शनिवारी पुण्याला परत चालल्या आहेत, त्यांच्याबरोबर हे पाठवतेय. वाचून झालं की पिठाच्या डब्यात ठेव. तिथे हे कधी हात घालत नाहीत.

तू कळवलंस की भावोजी रोज सकाळी चहाला येतात आणि विचारतात, ‘विमल कधी येणार?’ शके, तिकीट चौदा तारखेचं आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. तरीही रोज विचारतात, म्हणजे एक तर माझी आठवण येते किंवा माझ्या पोळ्यांची. यातलं नक्की कुठलं, हे मला चौदा तारखेच्या आत कळायला हवं. कारण स्वरदा म्हणतेय, व्हिसा अजून तीन महिने वाढवून घेऊ, आणि मी तिला अजून नाही म्हटलेलं नाही. (दचकू नकोस. पुढे वाच.)

लग्न झाल्यापासून मी रोज सकाळी एकच प्रश्न विचारत आले आहे, आज काय करू? त्यावर यांचं उत्तरही एकच, ‘काहीही कर.’ ते काहीही करून पानात वाढलं की भुवया वर जाणार, ‘आज हे?’ एक्केचाळीस वर्षं. स्वयंपाकाचा कंटाळा मला कधीच नव्हता गं. हात चालतात आपोआप. काय करायचं ते रोज एकटीने ठरवण्याचा मात्र वीट आला. मला वाटलं होतं, न्यूझीलंडला तरी हा प्रश्न पासपोर्टवर शिक्का मारून आत येणार नाही. पण पहिल्याच आठवड्यात स्वरदा म्हणाली, ‘आई, तू इथे फक्त आराम करायचास,’ आणि त्याच दमात म्हणाली, ‘आज काय करणारेस?’

तर झालं काय, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मकरंदराव डबा ओट्यावर विसरून गेले. कोबीची भाजी, तीन पोळ्या, लसणीची चटणी. जावयाचा डबा घरी राहिला म्हटल्यावर माझ्याच्याने बसवेना. बस पकडली आणि ‘ते रापा’ नावाच्या भागात गेले. ते रापा म्हणजे आपल्या भोसरीसारखा भाग समज, फक्त धूळ आणि हॉर्न वजा करून. तिथे त्यांची दुधाची फॅक्टरी. गेटवरच्या पिवळ्या जाकिटातल्या पोराने हसून ‘किया ओरा’ (इथला माओरी नमस्कार) केलं आणि सांगितलं, मकरंद आज पेनरोजला गेलाय, कसला तरी पंप बघायला. पेनरोज म्हणजे पार ऑकलंडमध्ये! परतीची बस तासाभराने. वारा असा की पदर सांभाळू की डबा, अशी गत. समोर एक छोटंसं रेस्टॉरंट दिसलं. खिडकीला विणलेले पडदे, दाराशी एक काळा फळा, त्यावर खडूने वर ‘टुडे’ आणि खाली एकच ओळ. मी आत शिरले.

सहा टेबलं. नारिंगी जाकिटं घातलेले कामकरी मान खाली घालून जेवत होते. मालकीणबाई सत्तरीच्या, केसांना रुमाल, चेहरा थेट मुख्याध्यापिकेचा. नाव मारिका. हंगेरीहून आलेल्या, त्याला चाळीस वर्षं झाली. मी मेनू मागितला तर त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. दुसरं काय आहे विचारलं तर म्हणाल्या, दुसरं उद्या आहे. त्यांच्या देशात म्हणे दुपारी असंच असतं, घरधनीण जे रांधेल ते त्या दिवसाचं जेवण. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, संपलं. मांस-मासे चालत नाहीत एवढं मी सांगितलं. त्यांनी डॉक्टर ऐकतात तसं ऐकून घेतलं आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने एक वाडगा आला. गार, गुलाबी, आंबटगोड. आंबट चेरीचं सूप होतं म्हणे, पण मला ती साक्षात सोलकढी वाटली. आता तूच सांग, कोण शहाणं माणूस भात यायच्या आत सोलकढी संपवतं? शिवाय पान पूर्ण वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नाही, हे आपल्या आईने चिमटे काढून शिकवलेलं. मी वाडगा जरा उजवीकडे सरकवला आणि हात जुळवून बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मारिकाबाई काउंटरमागून माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय. मी हसले, त्याही हसल्या. भात काही येईना. मनात म्हटलं, यांचा कुकर उशिरा लागला असेल, बिचारीला घाई कशाला करा. पंचवीस मिनिटं, शकु! शेजारच्या टेबलावरची माणसं जेवून उठली, दुसरी आली. शेवटी मारिकाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. त्यांच्या हातचं सूप कुणी पंचवीस मिनिटं न चाखता समोर ठेवलं, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

‘यू डोन्ट लाइक?’

‘व्हेरी नाइस,’ मी म्हटलं. ‘आय ॲम वेटिंग फॉर राइस.’

‘व्हॉट राइस?’

शेवटी शेजारचा एक आडदांड कामकरी (दंडावर सुंदर गोंदण, नाव वायरेमु) मध्ये पडला. म्हणाला, ‘आँटी, तुम्ही ते संपवा, मग ती पुढचं आणेल. ती तुमच्यासाठी थांबलीये.’ म्हणजे मी त्यांच्यासाठी थांबलेली आणि त्या माझ्यासाठी! दोन बायका एकमेकींचा मान राखत उपाशी बसल्या होत्या. (त्यांचंही जेवण व्हायचं होतं, हे मागाहून कळलं.) मी एका दमात वाडगा रिकामा केला. मग बटाट्याची पातळ भाजी आली, मलईदार, लाल तिखटाची, आणि वर डोळे वटारून बसलेलं अर्धकच्चं अंडं. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, अंडं म्हणजे मांस नव्हे. वायरेमुने आपली बशी पुढे केली, अंडं तिकडे गेलं, आणि प्रकरण मिटलं.

ती भाजी पावाबरोबर खाता खाता, शके, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय जेवायचं, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं. सकाळी उठून, भाजी आणून, मला न विचारता. लग्नानंतर असं फक्त बाळंतपणात झालं होतं, तेही आईने केलं म्हणून. मारिकाबाईंना वाटलं तिखट जास्त झालं, त्यांनी पाणी आणून दिलं. मी ते पिऊन टाकलं. कोबीचा डबा मात्र तसाच घरी नेला आणि मकरंदरावांना रात्री वाढला. (चूपचाप खाल्ला. जावई चांगला आहे.)

तेव्हापासून मी आठवड्यातून चार दिवस तिथे जेवते. बसमध्ये मनात धाकधूक असते, फळ्यावर आज काय असेल? कधी पालकाची पळीवाढी भाजी, अगदी आपल्या ताकातल्या भाजीची मावसबहीण. कधी मसूर, कधी शेवयांवर चक्क्यासारखं काहीतरी. माझं अंडं वायरेमुला, हे ठरूनच गेलं आहे. एकदा आत आलुबुखार घातलेले, उकडलेले गोळे होते. ते पाहून मी ओरडलेच, मोदक! मारिकाबाईंनी सहा गोळे इरासाठी एका काचेच्या वाडग्यात घालून दिले. इरा म्हणाली, ‘आजी, दे आर हीप्स बेटर दॅन युअर्स.’ (मराठी सगळं समजतं तिला. अपमान मात्र इंग्रजीत करते.)

आणि इथे माझ्या हातून घोटाळा झाला. वाडगा परत द्यायचा होता. आता कुणाचं भांडं रिकामं परत करायचं का आपण? मी त्यात कोथिंबिरीच्या वड्या भरून नेल्या. मारिकाबाई वाडग्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे पाहुणीने घरात खाणं आणलं की यजमानिणीने दुप्पट द्यायचं असतं बहुधा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाडग्याऐवजी पातेलंच दिलं, काठोकाठ भरलेलं. मी ते रिकामं कसं परत करणार? मी अळूवड्या भरल्या. त्यांनी केक दिला. मी शंकरपाळे दिले. तीन आठवडे हे युद्ध चाललं. घरच्या फ्रिजचं दार टेकूशिवाय बंद होईना. स्वरदाने हात जोडले, ‘आई, तुम्ही दोघींपैकी एकीने तरी हरा.’ पण मी पुण्याची आणि त्या हंगेरीच्या. हरणार कोण?

शेवटी त्या हरल्या नाहीत, त्यांनी वेगळीच खेळी केली. मार्चमधल्या एका गुरुवारी मी बसमधून उतरले तर फळ्यावर इंग्रजीत लिहिलेलं, ‘विमल्स ग्रीन स्क्वेअर्स’. आत वायरेमु आणि मंडळी मी आदल्या दिवशी भरून दिलेल्या वड्या खात होती. वायरेमु माझ्याकडे बघून अंगठा वर करून म्हणाला, ‘स्वीट ॲज, आँटी!’ (म्हणजे एकदम झकास.) मारिकाबाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि सांगितलं, यापुढे गुरुवार तुझा. काय करायचं ते तू ठरव. मी सवयीने विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, मला विचारायचं नाही, कुणालाच विचारायचं नाही, फळ्यावर लिहायचं. ज्याला नको तो शेजारच्या बेकरीत जाईल.

तर अशी मी, स्वयंपाकघरातून पळून आलेली, आता दर गुरुवारी तिथे चाळीस माणसांना जेवू घालते. हस. मलाही हसू येतं. पण शकु, फळ्यावर मी देवनागरीत ‘कोथिंबीर वडी’ लिहिते आणि लोक निमूट येऊन बसतात. कुणाची भुवई वर जात नाही. बाकीचे दिवस मी खिडकीशी बसते, आधी सूप संपवते आणि पुढे काय येईल ते आनंदाने खाते. खूप सुखात आहे गं मी. एवढ्या साध्या गोष्टीत इतकं सुख असेल, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आताही उद्याच्या वड्यांचे उंडे वाफवायला ठेवून लिहितेय.

बस, आता थांबते, शिट्ट्या न होणारं पातेलं आहे, उठून बघावं लागतं. चंद्रहासरावांना आशीर्वाद, आणि पित्ताची काळजी घे.

तुझी,
विमलताई

ता. क. मसाले, पापड काही पाठवू नकोस. त्याऐवजी अप्पा बळवंत चौकातून एक काळा फळा आण आणि आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या जागी लाव. खिळा आहे. खडूची पेटीही आण.

ता. क. २. खरं काम हे, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. तुझ्या भावोजींना सहज बोलल्यासारखं सांग, की ताई आली तर यापुढे काय करायचं ते तीन दिवस ती ठरवणार, तीन दिवस तुम्ही, आणि गुरुवारी ती स्वयंपाकघरात पाऊलही टाकणार नाही. एवढं सांगून गप्प बस. दुसऱ्या दिवशी चहाला आल्यावर त्यांनी पुन्हा ‘विमल कधी येणार?’ विचारलं, तर मला लगेच कळव. नाही विचारलं, तर स्वरदा व्हिसाचा फॉर्म भरेल.

ता. क. ३. ता. क. २ मधलं काम करू नकोस. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात यांचा फोन आला. तू काल नणंदेकडे गेलीस म्हणून यांनी म्हणे स्वतः पिठलं केलं. खालून लागलं, पण खाल्लं. मग मला विचारतात, ‘तिकडे आज जेवायला काय होतं?’ मला आधी खरंच वाटेना. मी सूपपासून सगळं सांगितलं, वीस मिनिटं, आणि यांनी मध्ये एकदाही बातम्या लावल्या नाहीत. शेवटी जरा घसा खाकरून म्हणाले, ‘चौदाला विमानातून दमून येशील. तुझ्यासाठी काय करून ठेवू?’ शके, एक्केचाळीस वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर आला, आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, ‘काहीही करा.’