नवमीच्या पानावर काय वाढू

आई, उद्या नवमी. बाबा हयात आहेत, म्हणून तुझं श्राद्ध आपल्याकडे अविधवा नवमीला होतं. वहिनी तिच्या आईच्या आजारपणामुळे डिचोलीला गेलीय, तेव्हा यंदाचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडलाय. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या लेकीला हे कितपत जमणार, अशी शंका तिकडे तुलाही आली असेल.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. आमच्या कामात डिक्शनरी म्हणून एक प्रकार असतो. तिच्यात शब्दांचे अर्थ नसतात, प्रत्येक नावापुढे त्याचं एक उत्तर असतं. काही उत्तरं आपण लिहायची, काही इतर उत्तरांवरून निघतात. जेवणारी माणसं किती एवढंच मी लिहिलं. तांदूळ, नारळ, गूळ सगळं त्यावरून आपोआप आलं. हसू नकोस. मुळात ही तुझीच रीत. लहानपणी मी एकदा न विचारता तांदूळ धुवायला घेतले, तर तू पातेलं हातातून ओढून घेतलंस. "आदी जेवपी कितके तां इचार, मगे तांदळाक हात लाय!" मी रुसून मागच्या दारी जाऊन बसले होते. आज तेच करून पगार घेते.

सगळं जुळलं, एकच नाव राहिलं: आईच्या आवडीचं. गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ तरी पानावर हवाच ना. बाबांना विचारलं. पेपर खाली न ठेवता ते म्हणाले, "तिका खतखतांच आवडतालां, तिरफळां भरपूर घालून." दादा म्हणाला, "मणगणां गो! दुसरां काय?" आता भाज्यांचं ते खतखतं म्हणजे बाबांचा जीव की प्राण, आणि चण्याच्या डाळीचं ते मणगणं टोपाला बोटं लावून चाटायचा तो दादा, हे मला ठाऊक नाही होय? पण दोघंही खोटं बोलत नव्हते. तू दोन्ही इतक्या हौसेनं करायचीस की त्यांना तसं वाटणारच.

माझ्या पहिल्या पगाराचा दिवस आठवतो. आपण दोघी पेडण्याच्या बाजारातल्या हॉटेलात बसलोय. वेटर उभा आहे, तू पदरानं मान पुसतेयस. मी विचारते, तुला काय? "तू जां घेशीत, तांच माका." मी दोन मसाला डोसे सांगते. तू तुझ्यातला अर्धा मोडून माझ्या बशीत सरकवतेस आणि चहा पीत माझ्याकडे बघत राहतेस. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, आपली आवड एकच म्हणून! आता मात्र रडू आवरत नाही. डिक्शनरीत एका उत्तरानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, तरी कुठेतरी कुणीतरी स्वतःहून लिहिलेलं एक उत्तर लागतंच, नाहीतर सगळं नुसतं गोल फिरत राहतं. तुझ्या नावापाशी येऊन पाहिलं, तर तिथे आम्हीच होतो. आणि आता विचारायला तू नाहीस.

हे लिहून इथेच ठेवणार, पाठवायचं तरी कुठे? फक्त एक सांगते. मघाशी दादानं विचारलं, "मगे, शेवटीं काय ठरलां?" मी पटकन म्हटलं, "तवसळी करूया. आईक तवसळी आवडताली." इतक्या खात्रीनं म्हटलं की तो लगेच त्या गोड वड्यांसाठी काकड्या आणायला निघाला. त्याची स्कूटर वळणाआड गेली, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. तवसळी मला आवडते, आई.