ओट्यावरचा चहा

१२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडचंही ठीक असेल असं लिहायची पद्धत आहे, पण तिकडचं दादा मला फोनवर सांगतो, म्हणून तेवढं वगळते.

फोनच करणार होते. पण तू 'हं' म्हणशील, मी 'बरं' म्हणेन आणि दोघी फोन ठेवू. मागच्या भेटीपासून तेच चाललंय. म्हणून हे पत्र. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच. आणि नणंदेचं म्हणून वाचू नकोस, निदान अर्धं तरी.

कामाचं म्हणशील तर पायांचे तुकडे पडलेत. घरोघरी जाऊन फुप्फुसं थकलेल्यांना श्वास घ्यायला शिकवायचं, हे अजून कुणाला कामच वाटत नाही. छातीची फिजिओ म्हटलं तरी शेजारच्या बायका गुडघे पुढे करतात. परवा एका घरी कुत्र्याने माझी फुंकायची नळी पळवली आणि पलंगाखाली जाऊन बसला. पेशंट इतका हसला की तेवढ्यात त्याचा सगळा कफ सुटला. माझी अर्धी मेहनत वाचली.

माझा एक पेशंट आहे, जन्मभर बस चालवलेला. दादासारखंच दुखणं, दादाइतकाच हट्टी. स्वयंपाकघरापर्यंत चला म्हटलं की आधी हात झटकायचा. मग त्याचा त्यानेच मार्ग आखला: कपाट, दार, फ्रिज. प्रत्येक थांब्यावर थांबायचं, हात टेकून पुढे वाकायचं, शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास हळूहळू सोडायचा. श्वास जागेवर आला की गाडी पुढे. आता तो फाटकापर्यंत जातो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना गाडी नीट लावा म्हणून दटावतो. त्याची बायको मात्र आमचा व्यायाम सुरू झाला की बाहेर जाऊन जिना पुसते. तिला त्याची धाप बघवत नाही. इतका चकचकीत जिना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

हे तुला का सांगतेय ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

त्या दिवशी मी दादाला म्हटलं, ऊठ, चहा आत जाऊन पिऊ. तो उठला, दारापाशी धाप लागली आणि तू खुर्ची घेऊन धावत आलीस. 'तुझ्या पेशंटना चालव हवं तेवढं. हा माझा नवरा आहे,' म्हणालीस. मी चहा न पिताच निघाले. राग आला होता, खोटं कशाला बोलू? घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, आणि सगळी भांडणं मीच जिंकत होते.

पण वहिनी, तू खुर्ची आणलीस ना, तीच खुर्ची माझेही डोळे शोधत होते. लोकांच्या घरी धापा टाकणाऱ्या माणसाशेजारी मी शांतपणे उभी राहते, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघत गप्पा मारते. दादाची धाप ऐकली आणि ते यंत्र माझ्या पिशवीतच आहे हेही मी विसरले. तुला रोज काय होत असेल ते मला तेव्हा कळलं. तरी चपला घातल्या आणि निघाले.

परवा दादा फोनवर म्हणाला, 'ही मला फार सांभाळते गं. पाणी हातात, ताट मांडीवर. मी घरात राहतोय की मला घरात ठेवलंय, तेच कळत नाही.' तुझी तक्रार नव्हती ती. रडत होता.

आता इतका वेळ जे टाळलं ते लिहिते. तुला वाटतं, आराम केला की तो बरा होईल आणि मग चालेल. फुप्फुसं जेवढी गेली तेवढी गेली, वहिनी. ती परत येत नाहीत. डॉक्टर हेच सांगत होते तेव्हा तू औषधांची पिशवी आवरत होतीस आणि मी खिडकीबाहेर बघत होते. पण त्याचे पाय अजून आहेत. पडून राहिला तर तेही जातील, मग नुसतं कुशीवर वळतानाही धाप लागेल. चालताना लागलेली धाप त्याला इजा करत नाही. थांबून श्वास कसा सावरायचा ते त्याला येतं, मी शिकवलंय. ओठ निळे दिसले, बोलताना शब्द तुटायला लागले, थांबूनही दम कमी होईना, तर लगेच डॉक्टर. तिथे माझं शहाणपण नको. एरवी त्याला चालत येऊ दे.

मी त्याला चालवू शकणार नाही. मी अधूनमधून येणारी. चहा रोज तू करतेस, आणि तुझ्या हातच्या चहासाठी तो काय वाटेल ते करतो, हे तुमच्या लग्नाआधीपासून आम्ही बघतोय. एवढंच कर. चहा ओट्यावर ठेव आणि हाक मार. नेऊन देऊ नकोस. तो येईपर्यंत तू काय करायचंस, ते मात्र मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझ्या नवऱ्याची बहीण,
आणि हवी असेल तर तुझीही


२५ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

(असं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम.)

पत्र फाडलं नाही. आधी धुसफुसले. आली मोठी शिकवणारी, असं कुकरला ऐकवलं. मग रडले. फुप्फुसांचं मला माहीत होतं गं. माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

काल चहा ओट्यावर ठेवला आणि हाक मारली. 'आण की इकडे,' म्हणाला. म्हटलं, 'माझे हात भरलेत.' कसले भरलेत! आमच्याकडे पुसायला जिना नाही, म्हणून घासलेलीच भांडी परत घासायला घेतली. पलंग करकरला. मग कपाटाशी धाप ऐकू आली, मग दारापाशी. दारापाशी तो इतका वेळ थांबला की माझ्या हातातली कढई तशीच राहिली. खुर्ची हाताशी होती. वळले नाही. तुला मात्र मनात भरपूर शिव्या घातल्या, सांगून ठेवते. मग ते फू फू जवळ आलं आणि माझ्या शेजारी ओट्यावर दोन हात टेकले. फू फू चालूच होतं. माझी नजर त्याच्या ओठांवर. निळे नव्हते.

मग म्हणाला, 'चहा निवलाय.'

मी म्हटलं, 'उद्या लवकर निघ.'

गरम करून देत होते, तर कप सोडेना. तसाच प्यायला, उभ्याने, खिडकीतून बाहेर बघत. समोरच्यांनी दाराला नवा रंग दिलाय, तो त्याने पहिल्यांदाच पाहिला. भयंकर आहे म्हणाला. त्यावर आम्ही भांडलो. किती दिवसांनी भांडलो गं!

रविवारी ये. तुझा चहा मागच्या वेळेपासून राहिलाय. तो तुला तुझा दादाच आणून देणार आहे, ओट्यापासून तुझ्या खुर्चीपर्यंत, स्वतःच्या हाताने. सांडेल, वाटेत थांबेल, धापा टाकेल. तू जागची हलायची नाहीस. मला जमलं, आता तुझं बघू.

हवीच आहेस.

तुझी,
वहिनी