माल्मो अगदी सुरक्षित आहे, ताई

ती. एर्सिलिआताईस,

राइमोंदोचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. भावजींची पाठ आता बरी असेल अशी आशा आहे. (जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ना, त्यात तुमचा कुत्राही येतो म्हणावं.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे सरक: आई खुशाल आहे, तुझी भावजय उलरिका खुशाल आहे, मी खुशाल आहे. वाचलंस? खुर्चीत नीट बसलीस? मग सांगतो. गेल्या आठवड्यात तुमच्या टीव्हीवर माल्मोतल्या एका इमारतीचं उडालेलं दार दाखवलं आणि ते बघून तू मला फोनवर फोन केलेस. ताई, ते दार आमचंच.

आता ओरडू नकोस. फोन उचलला नाही तो याच कारणासाठी. मी 'हॅलो'तला 'हॅ' म्हणतो न म्हणतो तोच तुझं 'आईला पहिल्या विमानात बसव' सुरू होतं, आणि माझं म्हणणं माझ्या पोटातच राहतं. पत्राचं तसं नाही. पत्राच्या मधे तोंड घालता येत नाही.

आपला हा वाद वीसेक वर्षं जुना आहे. तू मला माल्मोतल्या स्फोटांची कात्रणं पाठवतेस, मी तुला नेपल्समधल्या स्कूटरवाल्या चोरांची. तुझी पर्स दोनदा गेली. दुसऱ्या वेळी तर तू पट्टा सोडला नाहीस म्हणून मासेवाल्याच्या दुकानापर्यंत फरफटत गेलीस, गुडघे सोलून घेतलेस, आणि तरी मला ऐकवलंस, 'ते आपले चोर आहेत रे!' त्यात तथ्य नाही असं नाही. आईने बाल्कनीत उभं राहून त्या चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्यावर संध्याकाळी पर्स दारात येऊन पडली होती. (पैसे नव्हते, पण चष्मा होता. आपल्याकडच्या चोराला आपल्या डोळ्यांची काळजी असते.) तुझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या चोराला चेहरा असतो, आई असते, गल्ली असते. तिकडच्या बॉम्बला कोण असतं? यावर मी नेहमी आकडे काढतो. आयुष्यभर विमा कंपनीत बसून जोखीम मोजणारा माणूस दुसरं काय काढणार? आई इथे आल्या आल्या मी तिला समजावलं होतं, की या गावात स्फोटात सापडण्यापेक्षा न्हाणीघरातल्या टबात घसरून पडायची शक्यता कितीतरी जास्त आहे. त्याचा परिणाम इतकाच झाला, की आईने टबात पाय ठेवणं सोडलं. बादली घेऊन आंघोळ करते.

खरं सांगायचं तर एप्रिलमध्ये आली तेव्हा आईला गुन्हेगारांची भीती वाटतच नव्हती. तिला भीती वाटली ती शांततेची. जिन्यात कोणी बोलत नाही. कोणाच्या घरातून कांदा परतल्याचा वास नाही, नवऱ्याला झापल्याचा आवाज नाही. शेजारी भेटलाच तर बुटांकडे बघून मान हलवतो आणि सटकतो. 'इथे माणसं राहतात की लपून बसलीत?' असं तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं. 'जिथे कोणी भांडत नाही ना राइमो, तिथे काहीतरी शिजत असतं.' मी हसलो. (मी त्या दिवसांत फार हसत होतो.)

मग तिने आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकली आणि रस्त्याचा ताबा घेतला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला हाक आली. समोरच्या बाकावर राखाडी टोपी घातलेला एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. आई म्हणाली, 'हा कोणाचा?' मी म्हटलं, आई, बाक सार्वजनिक आहे. ती म्हणाली, 'भर दुपारपासून बसलाय. घास नाही, सिगारेट नाही, हातात फोन नाही. आपल्या दाराकडे नुसता बघतोय. दुपारच्या जेवणाला ज्याला कुठे जावंसं वाटत नाही तो माणूस सरळ नाही.' मी तिला म्हटलं, या देशात दुपारी कोणीच जेवायला घरी जात नाही, मग काय अख्खा देश वाकडा? ती म्हणाली, 'ते मी अजून ठरवलेलं नाही.'

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून फोन काढला तो बोलायला नव्हे. आमच्या दाराचा, बाजूच्या नावांच्या पाटीचा फोटो काढला आणि फोन परत खिशात टाकला. हे मी स्वतः पडद्याआडून पाहिलं, आणि ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मी पडदा नीट ओढून घेतला. पण मी शिकलेला माणूस. मी रीतसर वागलो. तळमजल्यावर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सिक्स्तेन राहतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'महत्त्वाचा विषय आहे. जूनच्या सभेत घेऊ.' पोलिसांना फोन केला. बाई फार गोड बोलल्या. नोंद घेतली, आभार मानले, आणि बाकावर बसणं हा गुन्हा नाही हेही सांगितलं. मी आईला अभिमानाने सांगितलं, बघ, इथे उगाच कोणावर संशय घेत नाहीत. आई म्हणाली, 'तर मग मी घेते,' आणि खिडकी सताड उघडून, कमरेपर्यंत बाहेर वाकून, आपल्या गल्लीतल्या आवाजात ओरडली, 'ए टोपीवाल्या! कोणाचा तू? तुझी आई कुठे राहते?'

हा रस्ता बांधल्यापासून इथे असा आवाज प्रथमच झाला असावा. समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. सायकलवाले थांबले. टोपीवाला उठला आणि झपझप कोपऱ्याआड गेला. त्याला तिची भाषा कळली असेल असं नाही, पण त्या सुरातला प्रश्न जगात कुठेही कळतो. मी मात्र शरमेने अर्धा झालो. प्रत्येक मजल्यावर जाऊन माफी मागून आलो. वय झालंय, गैरसमज नसावा, वगैरे. आमच्या खाली पियानो शिकवणाऱ्या मेर्ताबाई राहतात. त्या दार अर्धवट उघडून म्हणाल्या, 'माफी कसली? मीही तीन दिवस त्याच्याकडेच बघत होते. पण विचारायचं कसं, ते कळत नव्हतं.' आणि दार लावून घेतलं. नंतर आतून कडी घातल्याचा आवाज आला. त्या दारामागे कडी आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तो नंतर दिसला नाही. मी आईला म्हटलं, संपला विषय. ती म्हणाली, 'आता तो बघत नाही म्हणजे त्याचं बघून झालंय.'

गेल्या आठवड्यात मंगळवारी मी कामावरून परत आलो, उलरिका अजून यायची होती. लख्ख ऊन होतं, दारापाशी जांभळा लायलॅक फुलला होता, मी शीळ घालत होतो. दाराच्या मुठीला एक कापडी पिशवी टांगलेली होती. आता तुला इथली रीत सांगायला हवी. रस्त्यात कोणाचा हातमोजा, टोपी, पोराच्या व्यायामाची पिशवी सापडली, की लोक ती जवळच्या दाराला किंवा कुंपणाला टांगून ठेवतात आणि मालक येऊन घेऊन जातो. केवढा विश्वास! मला वाटलं, कोणाचं तरी विसरलंय, आत घेऊन ठेवू. मी हात पुढे केला आणि वरून किंकाळी आली, 'राइमो! हात लावू नको! पळ!'

आईने त्या टोपीवाल्याला पिशवी टांगताना पाहिलं होतं. ती खाली जायला चप्पल शोधत होती तेवढ्यात मी आलो. (तिने नंतर पोलिसांना सांगितलं, 'सापडलेली वस्तू टांगणारा माणूस दोन पावलं गेल्यावर वळून बघतो, नीट लटकलीय की नाही. हा वळला नाही.' पोलिसाने ते लिहून घेतलं.) मी वर बघून म्हणालो, आई, पोराची पिशवी असेल. त्यावर तिने जे शब्द वापरले ते मी या कागदावर लिहू शकत नाही, भावजी वाचतील. मी पळालो. वीस पावलं गेलो असेन आणि लक्षात आलं, की मी बाहेर आहे आणि आई आत आहे.

ताई, हे वाक्य लिहून मी जरा थांबलो होतो.

आमच्या इमारतीला मागे अंगण आहे आणि अंगणाला बोळातून फाटक आहे. चार आकड्यांचं कुलूप. मी इमारतीला वळसा घालून फाटकाशी पोचलो आणि आकडे आठवेनात. वीस वर्षं रोज दाबलेले आकडे! मी माझ्या जन्माचं वर्ष दाबलं, उलरिकाचं दाबलं, तुझ्या लग्नाचं दाबलं. आतून आईचा आवाज येत होता. तिला इथल्या भाषेतले तीन शब्द येतात, त्यातला एकही त्या प्रसंगी उपयोगाचा नाही. म्हणून ती जिन्यावरून उतरत दारावरची नावं वाचत होती आणि एकेक नाव घेऊन हाका मारत होती. 'मेर्ता! मेर्तााा! सिक्स्तेन! बाहेर! सगळे बाहेर!' हे आपल्या नेपल्सच्या भाषेत. मग दारावर लाथा. मेर्ताबाईंचा पियानो चालूच होता. तो बंद पडला. मग आईचा आवाजही बंद पडला. मी लोखंडी फाटक दोन्ही हातांनी गदागदा हलवत होतो आणि आत काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त एक कबूतर घुमत होतं.

आणि मग तो आवाज. सिनेमात असतो तसा गडगडाट नाही. कोणीतरी प्रचंड मोठ्या पेटीचं झाकण आपटावं तसा एकच. त्यानंतर काचा. काचा किती वेळ पडतात ताई, तुला कल्पना नाही.

फाटक आतून उघडलं. समोर आई. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि हाताला धरलेले सिक्स्तेन, अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण. मागे मेर्ताबाई आणि त्यांचा घाबरलेला विद्यार्थी, सत्तरीचा एक गृहस्थ. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'इथे काय उभा आहेस? मी तुला आत शोधतेय!' मग माझ्या एक मुस्काटात दिली. मग मला छातीशी धरलं, आणि सोडेचना. सिक्स्तेन हळूच म्हणाले, 'मला वाटतं, जूनपर्यंत थांबायला नको होतं.' या देशातला माणूस याहून जास्त काय बोलणार?

कोणाला खरचटलंही नाही. दार गेलं, पत्रपेट्या गेल्या, खालच्या जिन्याचा कठडा गेला. पोलिसांचं म्हणणं, ही भेट आमच्यासाठी नव्हतीच. वरच्या मजल्यावर पूर्वी कोणी एक राहायचा, त्याचं कुठल्या टोळीशी वैर होतं, त्याच्यासाठी होती. तो वर्षापूर्वीच घर सोडून गेला, आणि आपला नवा पत्ता त्याने त्या मंडळींना कळवला नाही. नाव मात्र पाटीवर तसंच राहिलं होतं. (पाटी बदलण्याचा विषयही जूनच्या सभेत होता.) टोपीवाला दोन दिवसांत पकडला गेला. आईने त्याला ओळखलं.

आता मुद्द्याचं. आईला परत पाठव, असं तू म्हणतेस. ताई, ती यायला तयार नाही. आमच्या जिन्याचा कारभार आता तिच्याकडे आहे. मेर्ताबाई सकाळी कॉफीला येतात, सिक्स्तेन संध्याकाळी. भाषा कोणाला कळत नाही आणि कोणाचं अडत नाही. काल आई त्यांना खिडकीतून हाक कशी मारायची ते शिकवत होती. सिक्स्तेन लाजून लाल झाले, पण शेवटी ओरडले. 'यांना टाकून मी कशी येऊ?' असं ती विचारते. 'बिचाऱ्यांना साधं ओरडताही येत नाही.'

तेव्हा तू काळजी करू नकोस. एकाच दारावर पुन्हा असं होण्याची शक्यता मी मोजून पाहिली, नगण्य आहे. माल्मो अगदी सुरक्षित आहे. मी उत्तम जेवतो, उत्तम झोपतो, कामावर लक्ष लागतं. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
राइमोंदो

ता. क. मी येत्या गुरुवारी नेपल्सला येतोय. महिनाभर राहीन म्हणतो. भीतीबिती काही नाही, हवापालट. तुमची रस्त्याच्या बाजूची खोली आहे ना, तीच दे. खाली रात्रभर लोक बोलत असतात तिथे मला बरं वाटेल. उलरिकाला माहीत आहे. आईला मात्र मी मिलानला विम्याच्या परिषदेला जातोय असं सांगितलंय, तेव्हा तिला फोनवर अवाक्षरही बोलू नकोस. ती उगाच घाबरेल.

ता. क. एर्सिलिआ, मी आई. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय शहाण्याने. त्याला खोली दे आणि दिवा चालू ठेव, अंधारात दचकतो. आणि त्याला हसू नकोस. हात पुढे केला होता असं त्याने लिहिलंय. मी वरून पाहिलं. त्याने ती पिशवी मुठीवरून काढून काखेत घेतली होती आणि किल्ली शोधत होता. मी ओरडले तेव्हा त्याने ती परत टांगली, नीट, आणि टांगून पळाला. हे त्याने पोलिसांनाही सांगितलेलं नाही आणि बायकोलाही नाही. तुला सांगेल. सांगायला लागला, की मधे बोलू नकोस.