शंभर अंड्यांचा नवस

थनिनदादा,

अरे, आज सापडला! साधी चाचणी निगेटिव्ह आलेल्या सहा जणांचं रक्त आम्ही एकत्र करून मशीनला लावतो. शरीराला एचआयव्हीचा पत्ता लागायच्या आधीच विषाणू रक्तात फिरत असतो, तो मशीनला दिसतो. आज दिसला! मग सहाही नळ्या वेगवेगळ्या लावल्या आणि चौथीत पकडला. लागण होऊन जेमतेम बारा दिवस! मी लॅबमध्ये ओरडलेच.

नर्सबाईंनी चौथ्या नळीच्या माणसाला फोन केला, तर तो हातात उकडलेल्या अंड्यांची टोपली घेऊनच आला.

"सकाळी निगेटिव्ह म्हणालात ना ताई? बुद्धाला अंडी वाहून नवस फेडायला देवळात निघालो होतो."

"बुद्ध थांबेल, तू थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "गोळ्या आजच सुरू. रोज घेतल्यास तर म्हातारा होऊन मरशील."

तो आधी रडला, मग हसला. मी दाराआड उभी होते, आणि मला तुझ्या नवसाची शंभर अंडी आठवली.

तुझ्या तपासणीची निगेटिव्ह चिठ्ठी मीच वाचली होती, दादा. लागणीनंतर दहा दिवसांत साध्या चाचणीत काही कळत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं, हे मी तेव्हा नुकतंच शिकले होते. पण तू असा नाचत होतास की मी गप्प राहिले आणि तुझ्या शेजारी बसून अंडी सोलली. तू पुन्हा तपासायला गेलाच नाहीस.

जाताना त्याने आम्हाला एकेक अंडं दिलं. माझं तुझ्या फोटोपुढे ठेवलंय. आज सोलवत नाही.

तेव्हा गप्प राहिलेली,
तुझी प्राव