मुख्य यंत्रज्ञ हॅल्वर्सन, हजर

डुलूथ, मिनेसोटा
५ ऑक्टोबर २००८, रविवार

प्रिय रेमंड,

तुझं बरं चाललं असेल असं धरून चालते. माझंही बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्यासमोरही कुरकुरायचा. तळ्यावरून गार वारा सुटलाय आणि खिडक्यांना दुहेरी काचा लावायच्या राहिल्यात. टूसनमध्ये तुला काय त्याचं, ऑक्टोबरात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून हिंडत असशील. पत्ता तुमच्या बहिणीकडून, इन्ग्रिडकडून मिळवला. तिला बोलू नकोस. माझ्या ओट्यापाशी लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या लाटायला बसवलं आणि गोड बोलून काढून घेतला.

बारा वर्षांनी पत्र आलंय म्हणजे हिचं काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. आहे काम. जहाजाचं आहे.

'अल्मा हॅल्वर्सन' मोडीत निघायची वेळ आलीय. मुख्यालयाचा नवा नियम असा की, ज्या जहाजावर पाचपेक्षा कमी खलाशी असतील, ते यादीतून काढून टाकायचं. शिवाय ज्यांना यादीत राहायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासूनचा सेवा-इतिहास महिनाअखेरपर्यंत पाठवायचा, कप्तानाच्या सहीनिशी. कप्तान तू. मी आपली तुझ्या जागी काम पाहणारी.

म्हणून आठवडाभर जुन्या वह्या काढून बसलेय. बाकीच्या गावांतली अंतराळकथांच्या चाहत्यांची मंडळं सभेचा साधा वृत्तांत लिहितात. आपलं मंडळ म्हणजे तारायान, आपण त्यावरचे खलाशी, आणि गावात जे काही केलं ते अंतराळात घडल्यासारखं लिहायचं, ही खोड तुझी की अर्लची ते आता आठवत नाही. जहाजाला तुमच्या आईचं नाव द्यायचं मात्र अर्लनेच ठरवलं. "खनिजाच्या बोटींना कंपनीच्या साहेबांची नावं देतात, ज्यांनी जन्मात फावडं धरलं नाही. आमच्या आईने निदान सहा पोरं तरी जेवू घातली," असं म्हणाला होता.

तुझ्या अक्षरात लिहिलंय, '१९८१ : दुष्काळी ग्रहावर धान्यपुरवठा. चारशे जीव वाचले.' म्हणजे आपण चर्चच्या तळघरात पॅनकेक केले तो रविवार. '१९८४ : मुख्य इंजिन बंद. सतरा तास निराधार. रक्तपिपासू जीवांचा हल्ला.' म्हणजे संमेलनाला जाताना हिंकलीजवळ व्हॅन बंद पडली आणि डासांनी फोडून काढलं ते. अर्ल बॉनेटखाली आणि तू बॅटरी धरून उभा.

"उजेड इंजिनावर पाड, चंद्रावर नको," तो म्हणाला.

"इंजिन कुठंय ते तुलाच सापडत नाहीये, मी कशावर पाडू?" तू म्हणालास.

मी एकटीच टेबलाशी बसून इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. मग बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

रेमंड, मुख्यालयाकडून आणखीही एक पत्र आलंय. अर्लच्या नावाने. 'मुख्य यंत्रज्ञ हॅल्वर्सन यांस तीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल मानचिन्ह देण्यात येत आहे. वार्षिक संमेलनास सपत्नीक उपस्थित राहावे.' सपत्नीक. आता यावर हसावं की रडावं ते तूच सांग.

चूक त्यांची नाही. दर जानेवारीत खलाश्यांची यादी पाठवायची असते, तुला ठाऊकच आहे. नावापुढे 'हजर', 'रजेवर' किंवा 'कर्तव्यावर असताना मृत्यू' यांपैकी एक लिहायचं. अर्लच्या नावापुढे मी बारा वर्षं 'हजर' लिहीत आले. आणि नुसतं तेवढंच असतं तर एक वेळ ठीक होतं. वहीत मी त्याला कामंही देत आले. १९९९ साली त्याने पाण्याचा पंप दुरुस्त केला. २००३ साली कॉफी पांचट झाली म्हणून स्वयंपाक्याशी भांडला. गेल्या वर्षी त्याला चष्मा लावला, कारण साठ पूर्ण झाली असती. चष्मा कुठे ठेवला म्हणून तो रोज जहाज डोक्यावर घेतो.

हे कोणाला सांगण्यासारखं आहे का? पण तुला सांगते.

कोणी गेलं की त्याला जहाजावर वीरमरण द्यायचं, ही आपली रीत. म्हाताऱ्या गुस्ताव्हला मधुमेहाने नेलं, तर तू त्याला एकट्याला तीन शत्रूजहाजांशी झुंजवलंस. त्याची बायको ते पान पुढे सहा महिने गावभर दाखवत होती. तेव्हा अर्ल गेल्यावर एप्रिलच्या सभेत तू कागद घेऊन उभा राहिलास, यात तुझं काहीच चुकलं नव्हतं. रीतच ती.

"बाकीचे वाचावेत म्हणून मुख्य यंत्रज्ञाने इंजिनघराची झडप आतून लावून घेतली," असं तू वाचलंस आणि माझं डोकं फिरलं. कसली झडप? माझा नवरा हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत, हातात नळाचा वायसर असताना गेला होता. जमिनीवरचा तो गेला, त्याला माझा इलाज नव्हता. पण जहाजावरचा अजून होता, आणि तू त्यालाही न्यायला निघाला होतास. मी कागद तुझ्या हातातून ओढला आणि टराटरा फाडला. सगळ्यांदेखत म्हणाले, "एकदा मेला ते पुरे झालं नाही का तुला?"

तू कप्तानाची टोपी काढून टेबलावर ठेवलीस. त्या दिवशी खुर्च्या आवरायची पाळी तुझी होती, म्हणून सगळ्या खुर्च्या मिटून भिंतीला लावल्यास. मग गेलास. जूनमध्ये कळलं की टूसनला गेलास.

माझ्या जिभेला हाड नाही हे अर्लही म्हणायचा, पण तो ते हसून म्हणायचा. वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी. तेव्हा वाटायचं, नवरा माझा गेलाय, बाकीच्यांनी गप्प बसावं. भाऊ कोणाचा गेला, हा विचार डोक्यात यायला मला बारा वर्षं लागली. तो कागद तू तीन आठवडे लिहीत होतास, असं बर्निसने मला नंतर सांगितलं. लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लिहायचास म्हणे आणि मधेच उठून बाहेर जायचास.

तर काम असं आहे. अर्लचं खरं ते लिहिलं तर आम्ही चौघं उरतो. मी, बर्निस आणि ओल्सन जुळे. म्हणजे जहाज गेलं. रजेवरचे मोजत नाहीत, पण तू परत आलास तर पाच होतात. तुझ्या नावापुढे 'रजेवर' लिहिलंय, ते मी कधी खोडलेलं नाही.

इथवर लिहून पत्र बंद करणार होते. तेवढ्यात बर्निस आली, माझ्या खांद्यावरून सगळं वाचून मोकळी झाली आणि म्हणाली, "पाचवी तर मिळालीय की. पोस्टातली मार्लिस. अर्ज मीच आणून दिला तुला, आज रविवार आला तरी उशीखाली दाबून ठेवलास का?"

"तू तुझा चहा पी," मी म्हटलं.

"पिते. पण त्याला थाप मारून बोलावलंस तर तो ओळखेल. तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो. खरं काय ते लिही."

तेव्हा लिहिते. संख्येसाठी मला तू नको आहेस. मार्लिसला घेऊन जहाज चालेल.

अर्ल गेला तेव्हा रांगेत त्याच्या पुढे-मागे तीन माणसं होती. तिघांच्याही घरी मी जाऊन आले. काय म्हणाला तो, असं विचारलं. तिघांनी सांगितलं, काही नाही. खाली बसला आणि संपलं. सत्तावीस वर्षं माझ्या घरात ज्याचं तोंड म्हणून बंद नव्हतं, झोपेतही ज्याची बडबड चालायची, तो माणूस एक शब्द न बोलता गेला. बाकी सगळं मी सोसलं रे. हे एक मला अजून सोसत नाही.

तुझ्या कागदावर तो बोलला असणार. तू कोणालाही मुकाट्याने मरू दिलं नाहीस कधी. झडप लावून घेतल्यावर पलीकडच्यांना त्याने काहीतरी सांगितलं असेल. कदाचित मलाही. ते काय होतं, ते मी तुला वाचू दिलं नाही. फाटलेले तुकडे मी त्याच दुपारी शेगडीत टाकले, त्यामुळे आता ते या जगात फक्त तुला माहीत आहे.

पुन्हा लिही, रेमंड. जसंच्या तसं आठवलं नाही तरी चालेल. पण पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः ये, सगळ्यांसमोर उभा राहा आणि वाच. या वेळी मी शेवटपर्यंत बसून राहीन. तुझं वाचून झालं की त्याच्या नावापुढचं 'हजर' मी माझ्या हाताने खोडेन. त्याआधी माझ्याच्याने होत नाही.

तुझ्या भावाची बायको,
नॉर्मा