एक ओळ वाढवून ठेवली आहे

दि. ९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

चिरंजीव मास्तरीणबाईस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मिळून बरेच दिवस झाले, पोस्टमनचा दोष नाही. त्याचं उत्तर खाली लिहितोच, आधी इकडची खबर.

आम्ही दोघं बरे आहोत. हिचा, म्हणजे तुझ्या सासूचा, गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे. तुझ्या खोलीच्या बाल्कनीचा कठडा हलतो असं तू मागे लिहिलं होतंस. घरमालकाने तो पक्का केला का? त्याला टेकून उभी राहू नकोस. फोनवर बोलता बोलता तू टेकतेस, मला माहीत आहे. आणि गॅस रात्री खालून बंद करत जा.

लॉन्ड्री चालू आहे. इस्त्रीवाले काका आता दुपारपर्यंतच येतात. त्यांचे डोळे अधू झालेत, पण कॉलरची घडी अजून सुरीसारखी.

मोठी अडचण झाली होती ती तुझ्या फॉर्मची. एक्सेलमध्ये तू करून दिलेला तो गिऱ्हाइकाच्या कपड्यांचा फॉर्म. 'आणखी' दाबलं की नव्या कपड्याची ओळ उगवते, ती उगवत होती. पण ओळीशेजारची फुली दाबली तर ती जाईना. एका बाईंचा कोट माझ्याकडून दोनदा लिहिला गेला. फुली दाबून दाबून बोट दुखायला लागलं. शेवटी बाई म्हणाल्या, "राहू द्या काका, दुसरा कोट शिवून आणते मी."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मॅक्रो, म्हणजे फॉर्ममागे तू लिहिलेल्या सूचना, उघडून बघितला आणि कपाळाला हात लावला. मागच्या खेपेस आला तेव्हा त्याला त्या सूचनांतली एक ओळ फालतू वाटली म्हणून त्यानेच काढून टाकली होती. मला म्हणाला, "काका, ही बटणं फॉर्म चालू असताना जन्माला येतात. जन्मली की दिसतात, पण कुणीतरी त्यांना धरून ठेवावं लागतं. नाही तर दाबलेलं त्यांना ऐकूच येत नाही. धरून ठेवणारी ओळच मी उडवली होती, आता परत घातली."

तू हेच सांगितलं होतंस. तेव्हा मी मान हलवली होती, कळलं काही नव्हतं. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस, मान हलवायला मात्र शिकलो.

तुला ते दिवस आठवतात का? दुकान बंद झाल्यावर तुम्ही दोघं काउंटरमागे एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसायचात. तू ऑफिसातून थेट यायचीस, चप्पलसुद्धा न काढता. आपला बोका शेंगदाणे खात नुसत्या सूचना करायचा. लहानपणी इस्त्रीच्या गरम टेबलाखाली झोपायचा म्हणून हिने त्याला बोका म्हटलं, ते शेवटपर्यंत चिकटलं. पहिल्यांदा तू मला 'आणखी' दाबायला लावलंस. मी दाबलं, एक चौकट आली. पुन्हा दाबलं, काही नाही. पुन्हा पुन्हा दाबलं, काहीच नाही. मी घाबरलो, म्हटलं मोडलं माझ्या हातून. तू स्क्रीनवर वाकून पाहिलंस आणि हसत सुटलीस. सगळ्या चौकटी आल्या होत्या, पण एकावर एक, एकाच जागी. कुठे बसायचं हे तू त्यांना सांगितलंच नव्हतंस. बोका म्हणाला, "बाबा, सगळे शर्ट एकाच हँगरला टांगलेत तुम्ही!"

मग प्रत्येक ओळ आधीच्या ओळीखाली सरकवायला तू फॉर्मला शिकवलंस, तेव्हापासून तू माझी मास्तरीणबाई. तर त्या सरकत सरकत फॉर्मच्या बाहेर गेल्या. पुढच्या दिवशी तू बाजूला वरखाली करायची सरकपट्टी लावलीस, मग कितीही ओळी मावायला लागल्या. आणि नावाचा रकाना रिकामा राहिला की लाल अक्षरात येतं ना, 'नाव नसलेला कपडा आम्ही घेत नाही', ती बोक्याची करामत. अजून येतं. नवीन गिऱ्हाइकं हसतात. मी त्यांना सांगत नाही कुणी लिहिलं ते.

बोका देवाघरी गेल्यावर तू वर्षभर इथे राहिलीस. दुकान उघडलंस, मला जेवायला बसवलंस, हिच्याशी भांडलीससुद्धा. घर त्या भांडणांनी उभं राहिलं. मग बदली झाली म्हणून गेलीस. बदली तू मागून घेतली होतीस हे मला कळलं होतं. बरं केलंस. त्या काउंटरमागे किती दिवस अर्ध्या स्टुलावर बसली असतीस?

हात भरून आला म्हणून मध्ये उठलो होतो. ही पाठीमागून वाचून गेली. म्हणते, "फॉर्म फॉर्म काय लावलंय? पोरीने काय विचारलंय आणि तुम्ही काय सांगताय! हँगरला टांगून ठेवलंत तिला." मी म्हटलं, लिहितोय ना. ती म्हणाली, "शाई वाळायच्या आत लिहा."

तर तुझ्या पत्राविषयी.

ऑफिसातल्या त्या सहकाऱ्याने तुला विचारलं आणि तुझं मन होतंय, हे वाचलं. पण शेवटी तू लिहिलंस, 'बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला नाही सांगेन.' ते वाक्य मी घडी घालून खिशात ठेवलं आणि उत्तर द्यायचं टाळत राहिलो. नको म्हणावंसं एकदाही वाटलं नाही. पण हो लिहायला बसलो की वाटायचं, त्या घरी तुला दुसरे बाबा असतील. रविवारचा फोन आधी उशिरा येईल, मग सणावारी येईल. मग कठडा पक्का झाला का हे मी कुणाला विचारू? एवढीच भीती. म्हातारं मन आहे, तिथे सरकपट्टी नाही.

लग्न कर. हो म्हणतोय मी, नीट वाच. हीसुद्धा हो म्हणते, ती तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आता एक काम. लग्नातल्या त्याच्या कोटाला दुसऱ्या कुणाची इस्त्री लागलेली मला चालणार नाही. मी स्वतः करीन, काकांनाही हात लावू देणार नाही. काल संध्याकाळी फॉर्म उघडून 'आणखी' दाबलं आणि एक ओळ वाढवून ठेवली. कपडा: कोट. पण अख्ख्या पत्रात तू त्याचं नाव कुठे लिहिलं नाहीस. मला लागेल म्हणून टाळलंस ना? नावाशिवाय ओळ शीटमध्ये उतरत नाही, बोक्याची लाल अक्षरं आडवी येतात. आणि फॉर्म बंद केला तर ओळ जाते. म्हणून कॉम्प्युटर बंदच केलेला नाही. बटणावर चिठ्ठी चिकटवली आहे, 'हात लावू नये'. ही विजेच्या बिलावरून बोलते आहे, आणि डबा तापून आतून घुरघुरतो आहे. तरी नाव लवकर कळव. आडनावही लिही, रकाना मोठा आहे.

तुम्हा दोघांना आशीर्वाद.

तुझा,
बाबा

बाकी काहीही बदल, हा शेवटचा शब्द तेवढा बदलू नकोस.