पहिल्या खेपेतल्या दोन जागा

बाबा, बेटावरून परतायच्या त्या पहिल्या खेपेची खरी किंमत आज मी मांडून पाहिली. डोंग्यातल्या दोन जागा, एका बाईची जास्तीची एक रात्र, तिच्या तान्ह्याचं तेवढ्या वेळचं दूध आणि तुमचा एक शब्द. डोंगा चालवणाऱ्या भोयानं आपल्याकडून काही घेतलं नव्हतं, तुम्ही गावचे मापारी आणि मापाऱ्याकडून तो कधीच घेत नसे, म्हणून इतकी वर्षं ती खेप मला फुकटात पडली असंच मी धरून चाललो. हा कागद माझ्या जिनाचा, सरकी काढायच्या कारखान्याचा आहे. वर माझं नाव जाड टायपात, खाली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. तुम्ही गेलात तेव्हा जिनाचा पायासुद्धा खणलेला नव्हता, त्यामुळे हा कागद तुम्ही पाहिलेला नाही. एका अर्थी बरंच झालं.

दर कार्तिकात आपली सगळी आळी पूर्णेतल्या बेटावर आवळी-भोजनाला जायची. सकाळी डोंग्यानं पलीकडे, आवळ्याच्या झाडाखाली तीन दगडांच्या चुली, दिवस कलायच्या आत घरी. मी तेव्हा खामगावला एका अडत्याकडे कामाला लागलो होतो, दिवाळीसाठी आलो होतो आणि भोजनापासून चौथ्या दिवशी कापूस बाजाराचा मुहूर्त होता. पहिल्या गाडीची बोली यंदा तू बोल, असं अडत्या म्हणाला होता. तेवढ्यावर माझी छाती दोन बोटं पुढे आली होती. कार्तिकात पूर्णेला पूर येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. त्यामुळे जेवणाची भांडी सगळ्यांनी आणली, पांघरूण कुणीच नाही, एक तुमची घोंगडी सोडली तर. दुपारी आभाळ आलं, नदीच्या वरच्या अंगाला तर पाऊस बराच कोसळला असावा, कारण पंगत उठायच्या आत पाणी गढूळ होऊन चढलं. भोयानं पलीकडच्या काठावर डोंगा ओढून घेतला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, “आता नाई जमत. पानी उतरू द्या.”

दोन रात्री आपण तिथं काढल्या. मला अजून दिसतं, तुम्ही उकिडवे बसला आहात, समोर धोतराच्या पानावर सगळ्यांच्या घरचं उरलेलं पीठ एकत्र केलेलं आहे आणि तुम्ही ओंजळीनं ते घरागणिक वाटताय. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, तसंच इथंही म्हणता. एक म्हातारी हसते, “मापारीबुवा, लाभ लाभ करता अन् भाकर तं तळहाताएवढीच होऊन राह्यली.” तुम्ही म्हणता, “आवळे हायेत ना माय, झाड काई उपाशी ठेवनार नाई.” सगळे हसतात. पण कुणी आपला वाटा दुसऱ्याच्या वाट्याशी ताडून पाहत नाही. तुम्ही मोजलं म्हणजे मोजलं. ओल्या लाकडांच्या धुरात डोळे चोळत माणसं ती तळहाताएवढी भाकरी बिनतक्रार खातात.

माझे कान पहिल्यापासून तिखट. यंत्र बिघडायच्या आधी मला आवाजात कळतं, म्हणून माझे कामगार मला वचकून असतात. त्या तिसऱ्या सकाळी झाडामागून मी ऐकलं. आपल्या शेजारची सून जावेशी बोलत होती. तीन महिन्यांचं लेकरू सासूजवळ निजवून, दुपारीच येतो म्हणून ती निघालेली. “दूध दाटून राह्यलं व वैनी. ते तिकडं रडत असन.” जाऊ म्हणाली, “पिळून टाक मातीत, नाईतं तुले ताप भरन.” हे मी ऐकलं होतं, बाबा. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दुपारी भोई डोंगा घेऊन आला. धार अजून ओढत होती. दिवस बुडायच्या आत एकच खेप आणि फक्त चार माणसं, म्हणाला. पूर उतरताना पहिल्या खेपेला दुखणेकरी आणि लेकुरवाळ्या, ही त्याच्या बापापासूनची रीत. एक आठवा लागलेली बाई आणि एक दम्याचा म्हातारा ठरले. शेजारची सून पदर खोचून पाण्याशी उभी राहिली. तेव्हा मी पुढे झालो. “दादा, बाबाले हीव भरलं. मले संग जा लागन.” भोई थेट तुमच्याकडे आला. “मापारीबुवा, खरंच हीव भरलं काय?” तुम्ही धोतराचं पीठ झटकत होता. माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, “हाव.” त्यानं कपाळाला हात लावून पाहिलं नाही. तिला म्हणाला, “बाई, सकाळी पह्यली तू.” आणि ती बाजूला होत म्हणाली, “न्या त्याईले. मापारीबुवा काई उगंच म्हननार नाईत.”

तुम्ही घोंगडी पांघरून डोंग्यात आडवे झालात आणि पलीकडे लागेपर्यंत हलला नाहीत. काठावर उतरल्यावर रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “जाय. मुहूर्त चुकू नको.” मी कुणाची तरी बैलांची दमणी मागून रातोरात खामगावला निघालो. ही गोष्ट मी जिनावर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पूर्णेचा पूर ओलांडला, मुहूर्ताला उभा राहिलो, आणि तिथून माझं नशीब उघडलं. लोक चहाची बशी हातात धरून ऐकतात. हीव भरल्याचं त्यात येत नाही, तुम्हीही येत नाही.

लेकरू तगलं, शेळीच्या दुधावर. पण पौषात तुम्ही त्यांच्या खळ्यावर ज्वारी मोजायला बसलात तेव्हा मी गावात होतो, तुमच्या मागे उभा होतो. ती सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अगदी मनापासून विचारलं, “आता तब्येत कशी हाये मापारीबुवा? त्या दिशी लय धास्ती वाटली आमाले.” तुम्ही बरी आहे म्हणालात. पायली भरलीत, ‘लाभ’ म्हणालात आणि पुढचं माप उचललंच नाही. पायली चुलतभावाच्या हाती दिलीत ती कायमची. आई विचारायची, काऊन सोडलं, तर म्हणायचात, हात थरथरतात. भाकरीचा घास मोडताना, चिलमीत विस्तव ठेवताना तुमचा हात मी कितीदा पाहिला आहे. तो कधी थरथरला नाही.

पत्र घडी करून तिजोरीत ठेवीन, तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. पण एक अजून सांगायचं राहिलं. आठ दिवसांनी मी गावी आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, “गाठला काय मुहूर्त?” मी म्हणालो, “हाव.” बाबा, मी पोचलो त्या दिवशी बाजार भरलाच नव्हता. पावसानं कापूस भिजला होता, एकही गाडी आली नव्हती आणि मुहूर्त चार दिवस पुढे गेला होता.